चौघांची चार बटणं

माझ्या सासऱ्यांकडे सोन्याची चार बटणं होती. टपोऱ्या हरभऱ्याएवढी, वर बारीक नक्षी, आणि चारही एका नाजूक साखळीत अडकवलेली. त्या काळी समारंभाच्या सदऱ्याला बटणं शिवत नसत. दोन्ही बाजूंना काजं ठेवत आणि त्यांत अशी सुटी बटणं घालत. सासरे ती लग्नाकार्यात घालत. एकदा गावात भाताची गिरणी सुरू झाली तेव्हा नारळ फोडायलाही घातली होती आणि नारळाचं पाणी उडू नये म्हणून छाती मागे घेऊन नारळ फोडल्याने तो पायावर पडला होता. एरवी बटणं देवघरातल्या डबीत असत आणि आम्ही सुना ती डबी लांबूनच बघत असू.

सासरे गेले आणि वर्षाच्या आत वाटणी झाली. आमचं घर खालापूरच्या अलीकडचं, भातशेतीचं. तीन मुलगे आणि सगळ्यांत थोरली एक मुलगी, कडावला दिलेली. म्हणजे माझी नणंद. आम्ही सुना त्यांना वन्सं म्हणतो, तेव्हा इथेही तेच म्हणते. मी मधली सून. नवरा रसायनीच्या कारखान्यात आणि बिऱ्हाड मोहोपाड्याला, त्यामुळे गावच्या भांडणांत आमचं मत फक्त रविवारी धरलं जाई.

वाटणी करायला भावकीतले पंच बसले. माणसं सरळ होती, पण समान वाटणी म्हणजे दिसेल त्या वस्तूचे समान भाग अशी त्यांची पक्की समजूत होती. शेताचं ठीक होतं. पुढे झोपाळ्याची फळी थोरल्या दिरांकडे गेली आणि कड्या आमच्याकडे आल्या. जात्याचा वरचा दगड एका घरात, खालचा दुसऱ्या घरात. पाणी तापवायचा बंब धाकट्या दिरांना मिळाला, पण बंबाची तोटी पितळेची आणि वजनदार, म्हणून ती वेगळी धरून आम्हाला दिली. कित्येक वर्षं धाकट्या दिरांच्या बंबाला लाकडी खुंटी ठोकलेली होती. मी नवऱ्याला म्हणायची, तोटी देऊन टाकू या. तो म्हणायचा, "आज तोटी दिली तर उद्या कड्या मागतील." त्या कड्या आम्ही कशालाही वापरत नव्हतो.

बटणांपाशी पंच अडले. बटणं चार, भाऊ तीन. उरलेल्या बटणाचे तीन तुकडे करावेत इथवर बोलणं आलं. वन्सं त्या दिवशी हक्कसोडावर सही करायला आल्या होत्या. बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडते असं लिहून द्यायचं, साडी घ्यायची आणि सासरी परत जायचं, अशी रीत. त्यांनी सही केली, साडी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "उरलेलं बटान मला द्या."

"पुरुषाचं बटान तुला काय करायचं गं?" एक पंच म्हणाला.

"काय बी करीन. नाकात घालीन."

पंच हसले आणि बटण वन्संना मिळालं. साखळी सोनाराकडे न्यायची कुणाला फुरसत होती? ती तिथेच अडकित्त्याने कापली. चार बटणं, प्रत्येकाला एकेक शेपटी, उंदराला असते तशी.

आता अडचण अशी की आमच्या घरचा कुठलाही नवरदेव ती बटणं घातल्याशिवाय बोहल्यावर चढत नसे, सख्खा असो की चुलत. त्यामुळे दर लग्नाआधी बटणं गोळा करावी लागत. थोरल्यांचं घरातच असे. आमचं मी रुमालाच्या गाठीत बांधून आणत असे. धाकट्या दिरांचं कुठे ठेवलंय ते आधी शोधावं लागे. एकदा ते तांदळाच्या कणगीत निघालं. वन्संचं मात्र आणायला जावं लागे. कार्ड चालत नसे, निरोप चालत नसे. घरच्या कर्त्या पुरुषाने कडावला जायचं, गोठ्यात जाऊन म्हशी बघायच्या, त्या मागच्या वेळेपेक्षा अंगाने भरल्यात असं म्हणायचं, चहा घ्यायचा. मग वन्सं म्हणत, "बगते कुटं ठेवलंय ते." बटण सकाळपासून त्यांच्या पदराच्या गाठीत असे.

ते घेऊन त्या स्वतः येत. नवरदेवाच्या सदऱ्याला चारही बटणं त्याच लावत.

"छाती पुढं काढ रं. जेवतोस का नुसता पानावर बसतोस?"

नवरदेव छाती काढी. शेपट्या आत खोचल्या जात. चौथं बटण काजात गेलं की वन्सं मागे सरून एकदा बघत आणि दाराकडे तोंड करून म्हणत, "झालं. आता वाजवा." तोवर वाजंत्री गप्प बसलेले असत. मुहूर्त जवळ आला, मुलीकडचे घड्याळं दाखवायला लागले, तरी वन्संनी म्हटल्याशिवाय सनईत फुंकर जात नसे. जमीन सोडून दिलेल्या बाईला माहेरात एवढीच जागा होती आणि ती त्यांनी स्वतः मागून घेतलेली होती. हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

आणि मग सूट आला.

थोरल्या दिरांचा मुलगा नोकरीला लागला आणि त्याने लग्नात टेरिकॉटचा सूट शिवला. आत शिवलेल्या बटणांचा सदरा, वर टाय. सोन्याची बटणं घालायची कुठे? तो म्हणाला, टायमागे दिसणार नाहीत आणि टाय काढला तर सूट दिसणार नाही. मुद्दा बरोबर होता. बटणं लागत नाहीत म्हटल्यावर कडावला कुणी गेलं नाही. छापील पत्रिका पोस्टाने गेली.

लग्नाला वन्संचे यजमान एकटेच आले. अबोल माणूस. आहेर दिला, जेवले, आणि निघताना चपलांकडे बघत म्हणाले, "ती म्हनाली, बटान लागत नाय तर बाय बी लागत नाय." एवढं सांगून त्यांनी वाटेसाठी दोन लाडू मागून घेतले. तिकडे वाजंत्रीवाले सवयीने थांबून राहिले होते. वाजवा म्हणायला कुणीच नव्हतं. शेवटी त्यांनी आपल्या मनाने सुरू केलं ते नेमकं भटजी संकल्प सांगत असताना, आणि नवरदेवाने स्वतःच्या गोत्राऐवजी भलतंच काहीतरी सांगितलं असं अजून भावकीत बोललं जातं.

त्यानंतर वन्सं माहेरी आल्याच नाहीत. गणपतीत नाही, भाऊबीजेला नाही. भाऊच कडावला जाऊन ओवाळून घेत आणि गप्प परत येत.

पुढे थोरल्या दिरांच्या मुलीचं लग्न ठरलं. दीर म्हणाले, बटणं आता कुणी घालत नाही, चारही आटवून पोरीला एखादा दागिना करू. जाऊबाई म्हणाल्या, करा काय ते, पण वन्सं मांडवात नसतील तर मी मांडवाला तोरण बांधणार नाही. आत्याशिवाय नवरीला हळद लावायची म्हणजे लोक काय म्हणतील? दोन्ही कामं एकत्र करून मला कडावला पाठवायचं ठरलं. कॉलनीतल्या हळदीकुंकवाच्या, सहलीच्या, भाजीच्या घाऊक खरेदीच्या याद्या माझ्याकडे असत. त्यामुळे सासरच्या लोकांची समजूत होती की कुठलंही काम मी कागदावर लिहिलं की ते आपोआप होतं.

मी यादी करूनच गेले. कुड्या, अंगठी, पदक. कर्जतला एसटी बदलून कडावला उतरले तेव्हा वन्सं गोठ्यात होत्या.

"ये. तुला धाडलंय होय? म्हंजे काम अवगड हाय."

मी म्हशी बघितल्या. अंगाने भरल्यात असं म्हटलं.

"ती गाभण हाय. भरंलच. बोल."

"वन्सं, भाऊ म्हणतात चारही बटणं एकत्र करून पोरीला कुड्या करू."

"कुड्या किती?"

"दोन."

"मानसं किती?"

"चार."

"मंग माजी कुडी कुठली?"

"दोन्हींत थोडी थोडी."

"थोडी थोडी म्हंजे वरनातलं मीठ. पडतं, पन दिसत नाय."

मी यादीवर पुढे सरकले. अंगठी म्हटलं. वन्संनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "अंगठी पोरीसंगं तिच्या सासरी जानार. मंग मी तितं जाऊन तिचं बोट धरून सांगू का, ह्या कडंला मी हाय म्हनून?"

"पदक करू. त्याला चार खण पाडू. एक खण तुमचा."

"खन पाडून पाडूनच तर घराचं हे झालं. झोपाळ्यावर बसलीस कंदी वाटनीपासून?"

यादी संपली. मी कागद पिशवीत टाकला. वन्सं म्हणाल्या, "हे बग. सोन्याचं मला काय नाय. बटान आटलं तर मला बोलवायला कोन येनार, ते सांग."

"मी येईन."

"तू येशील. काम म्हनून येशील, आनि खून करून टाकशील वहीत."

ती खूण करायची पेन्सिल पिशवीत होतीही.

वन्सं धार काढायला बसल्या. म्हशीने शेपूट फिरवली ती थेट त्यांच्या अंबाड्यावर. अबोलीचा गजरा सुटून खांद्यावर लोंबायला लागला. वन्संनी एका हाताने धार चालूच ठेवली, दुसऱ्या हाताने केसांतला आकडा काढून दातांत धरला, गजरा वर ढकलला आणि आकडा परत खुपसला. गजरा बसला. म्हैस पुन्हा शेपूट फिरवायच्या बेतात होती, तिला त्यांनी एक शिवी दिली.

"वन्सं," मी म्हटलं, "बटणाला आकडा लावला तर?"

"कशाला?"

"अंबाड्यात खोचायला. नवरीच्या. सोन्याची फुलं असतात की नाही, तशी. बटणं आटवायची नाहीत. चार बटणांची चार फुलं करायची, आणि ज्याचं फूल त्याच्या घरी."

धार थांबली. वन्सं उठल्या, हात पुसले, पदराची गाठ सोडली. बटण निघालं. इतकी वर्षं कुणी मागायला आलं नव्हतं, तरी ते गाठीतच होतं. त्यांनी दोऱ्याने ते एका आकड्याला गुंडाळलं आणि काही विचारायच्या आत माझ्या अंबाड्यात खुपसलं. आकडा टाळूला लागला.

"चाल. फाटकापत्तुर जा आनि ये."

मी गेले आणि आले.

"मान हलव. भांडताना हलवतीस तशी."

मी हलवली. बटण राहिलं. वन्संनी यजमानांना हाक मारली. ते दारात आले.

"कशी दिसते?"

"कोन?"

"बटान."

त्यांनी माझ्या डोक्याभोवती एक चक्कर मारली. "बरं दिसतं," म्हणाले. "पन चहा कंदी व्हनार?"

वन्सं उंबऱ्यावर बसल्या. "पोरं झाली आता सूटवाली," म्हणाल्या. "आपल्यात पोरी किती हायत गं लग्नाच्या?"

भावकीतल्या मुलींची माहिती मला तोंडपाठ होती. मुलींचंच पारडं जड होतं, तेही बऱ्यापैकी.

"मंग चालंल," वन्सं म्हणाल्या. "पन खोचायचं मीच. दुसरं कोनी हात लावायचा नाय. आनि बोलवायला थोरल्याला धाड. तू नको. तुला म्हशीतलं कळत नाय."

सोनार ठरला शिळफाट्याचा. छोटं दुकान, पुढे हायवेचा बाजार. सोनं सोनाराच्या हाती देऊन घरी जायचं नाही, काम संपेपर्यंत समोर बसायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. त्यात आपलं बटण भावाच्या हाती देऊन कुणी घरी थांबायला तयार नव्हतं. तीन भाऊ, आम्ही तिघी जावा आणि वन्सं असे सगळे त्या दुकानात शिरलो. रस्त्याने जाणाऱ्या ओळखीच्या एका माणसाने आत डोकावून टोपी काढली. त्याला वाटलं, सोनारांच्या घरी कुणी गेलं.

प्रत्येकाने आपलं बटण ओळखू यावं म्हणून घरून खूण करून आणली होती. थोरल्या दिरांच्या बटणाला कुंकवाचा ठिपका होता. आमच्याला नवऱ्याने कारखान्यातला निळा रंग लावला होता. धाकट्या दिरांनी बायकोचं नेलपॉलिश थापलं होतं, त्यामुळे त्यांचं बटण डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसत होतं. वन्संनी काहीच केलं नव्हतं. सोनारकाकांनी चारही बटणं हातावर घेतली, ही काय घाण आहे असं काहीसं पुटपुटले, आणि आम्ही काही बोलायच्या आत चारही एका भांड्यात टाकून आंबट पाण्यात उकळायला ठेवली.

बाहेर आली ती लखलखीत आणि एकसारखी.

धाकटे दीर म्हणाले, "माझं लालवालं होतं."

"आता कुठलंच लाल नाही," सोनारकाका म्हणाले. त्यांनी चारही तोलून दाखवली. "गुंजेचा फरक नाही. कुठलंही घ्या."

"फरक नसंल," थोरले दीर म्हणाले, "पन माझं ते माझं."

माझ्या नवऱ्यानेही तसंच म्हटलं. मी त्याला कोपर मारलं, पण तोटीच्या वेळचा चेहरा मी ओळखते. सोनारकाकांनी चष्मा काढला. हे लोक आता पंच बोलावणार अशी त्यांना भीती वाटली असावी. तेवढ्यात वन्सं पुढे झाल्या आणि एकेक बटण उचलून वाटत सुटल्या. "हे तुजं. हे तुजं. हे ह्याचं, ह्याला कायम खालचं लागायचं. ऱ्हायलं ते माजं."

"कशावरून गं बाय?" थोरले दीर म्हणाले.

"आजपत्तुर लावली कोनी रं? तू का मी?"

तिघांनी आपापलं बटण सोनारकाकांपुढे ओळीत ठेवलं. परतताना एसटीत मी हळूच विचारलं, वन्सं, खरंच ओळखलीत? त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बटनं काय म्हशी हायत का वळखायला?"

पण ते नंतरचं. दुकानात अजून खरं काम व्हायचं होतं. शेपट्या आटवून त्यांच्या पातळ पाकळ्या करायच्या, बटणाभोवती बसवायच्या आणि मागे आकडा जोडायचा. ते करताना आम्ही सगळे इतके पुढे वाकलो होतो की सोनारकाकांना स्वतःचे हात दिसेनात. "जरा वारा येऊ द्या," ते म्हणत. आम्ही मागे सरत असू आणि ते फुंकणी तोंडाला लावेपर्यंत पुन्हा पुढे येत असू. थोरल्या दिरांची भुवई ज्योतीच्या टप्प्यात गेली आणि चर्र आवाज आला. वास आला तेव्हा ते म्हणाले, "सोनं जळतंय वाटतं." अर्धी भुवई गेली होती. लग्नाच्या फोटोत ते कायम एका बाजूने आश्चर्य वाटल्यासारखे दिसतात.

पाकळ्यांच्या कडा कानशीने घासल्या, त्यांचा सोनेरी कीस कागदावर चिमूटभर जमला. तो आटवून आकड्यांच्या जोडाला वापरायचा होता. सोनारकाका म्हणाले, "आता कुणी जोरात श्वाससुद्धा घेऊ नका." आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. धाकट्या दिरांना अशा वेळी हमखास शिंक येते. त्यांनी नाक दाबलं, डोळे फिरवले, तोंड दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला. पण दुसरीकडे मी होते, म्हणून पुन्हा समोर वळले आणि शिंकले.

कीस गेला. कागद कोरा.

"हलू नका," सोनारकाका म्हणाले. "कुणीच हलू नका."

ते उठले, दाराला आतून कडी घातली, परात काढली आणि ब्रश घेतला. एकेकाला परातीत उभं करून डोक्यापासून पायापर्यंत झटकलं. जाऊबाईंचे पदर झटकले, थोरल्या दिरांची टोपी आतून बाहेरून झटकली. माझ्या वहीची पानं उलटून उलटून झटकली. धाकट्या दिरांना मात्र खाली बसवून, हनुवटीखाली परात धरून, त्यांची मिशी कंगव्याने विंचरली. सगळ्यांत जास्त सोनं तिथे निघालं.

"घराण्यात एवढं सोनं कोनाच्या मिशीत नव्हतं रं," वन्सं म्हणाल्या. कितीतरी काळाने त्या माहेरच्या माणसांत बसून हसत होत्या. धाकटे दीरही हसायला लागले आणि सोनारकाकांनी पुन्हा ओरडून त्यांना गप्प केलं, कारण विंचरणं संपलं नव्हतं.

फुलं झाली. खरं सांगायचं तर फार सुबक नव्हती. जवळून बघितलं की सदऱ्याचं बटण कळत होतं. पण चमकत होती, आणि चार होती.

लग्नाआधी थोरले दीर स्वतः कडावला गेले, अर्धी भुवई घेऊन. म्हशींचं भरपूर कौतुक केलं असं ऐकलं. वन्सं आल्या. हळद लावली. लग्नाच्या सकाळी नवरीला पाटावर बसवलं तेव्हा कळलं की आमच्या पुतणीचे केस खांद्यापर्यंतच आहेत. अंबाडा कशाचा घालणार? आम्ही तिघी जावा एकमेकींकडे बघत राहिलो. माझ्या तयारीच्या यादीत आरशापासून अमृतांजनापर्यंत सगळं होतं, केस नव्हते. वन्संनी पिशवीतून काळंभोर गंगावन काढलं. "मला ठाव होतं," म्हणाल्या. "फोटू बगितला होता हिचा." खऱ्या केसांत खोटे केस गुंफून त्यांनी नारळाएवढा अंबाडा घातला आणि चार फुलं खोचली.

"मान हलवायची नाय. आजचा दिस तू मानूस नाय, समई हायस."

पोरीने ते फारच मनावर घेतलं. ती सरळ उभी राहिली, सरळ बसली, कुणी बोललं तर डोळेच फिरवून बघितलं. मुलाकडच्या बायका म्हणायला लागल्या, मुलगी चांगली आहे पण जरा ताठ आहे. पाया पडायची वेळ आली तेव्हा ती कमरेतून फळीसारखी वाकली आणि अंबाड्यातलं एक फूल सुटून थेट विहीणबाईंच्या ओटीत पडलं. त्यांना वाटलं, ही आमच्याकडची रीत असावी. त्या प्रसन्न हसल्या, फूल कपाळाला लावलं आणि पदराच्या टोकाला बांधून टाकलं.

वन्संनी खोचलेल्या क्रमाने ते फूल धाकट्या दिरांचं होतं. दीर मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. विहिणीच्या ओटीत गेलेली वस्तू परत कशी मागणार? थोरले दीर म्हणाले, जाऊ दे. धाकटे म्हणाले, तुझं पडलं असतं तर जाऊ दिलं असतंस का? मला वाटलं, आता इथेच वाटणीचा दुसरा भाग होतो.

वन्सं सरळ विहीणबाईंसमोर जाऊन बसल्या आणि त्यांचा पदर हातात घेतला. "येनीबाय, तुमी फूल झेललंत, लय चांगलं झालं. आमच्यात झेलनारीनं आत्याच्या हाती द्यायचं आसतं, मंग ती खोचते." आणि गाठ सोडून फूल काढून घेतलं नि परत अंबाड्यात खोचलं. अशी कुठलीही रीत आमच्यात नव्हती. विहीणबाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या त्यांच्या घरच्या लग्नात त्यांनी ती रीत पाळली असं कानावर आलं.

निघायची वेळ झाली. फुलं परत घ्यायची होती, ठरलंच होतं तसं. पोर आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि वन्सं मागून तिच्या अंबाड्यात हात घालून फुलं शोधत होत्या. एक काढलं, थोरल्यांना दिलं. एक माझ्या हातावर ठेवलं. तिसरं काढताना अंबाड्याचा तोल गेला, गंगावन एका बाजूला घसरलं आणि पुतणीच्या खांद्यावर मांजर बसल्यासारखं दिसायला लागलं. पोरीला रडता रडता हसू फुटलं. टेंपोत बसलेले वऱ्हाडी आमच्याकडे टकमका बघत होते. आता फक्त वन्संचं फूल राहिलं होतं. त्यांनी ते चिमटीत धरलं, आणि काढलं नाही. उलट आत दाबून बसवलं.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "नंतर आनून दे मला. पन तू ये. कोनासंगं धाडायचं नाय. आनि ह्याला बी आन." ह्याला म्हणजे नवरदेवाला. तो टेंपोच्या दारात उभा होता, त्याने मान डोलावली.

माझी गैरसोय झाली हे सांगायला हवं. परत आलेल्या वस्तूंपुढे मी खुणा करत होते आणि तीन फुलांवर खूण झाली, चौथं मोकळं राहिलं. पुढच्या लग्नाला चारही लागणार, म्हणून मी पुतणीला आठवण करत राहिले. ती दिवाळीत नवऱ्याला घेऊन कडावला गेली. राहिली, जेवली, जावयाने धार काढायचा प्रयत्न केला आणि म्हशीने तो हाणून पाडला. फूल घेऊन ती परत आली. वन्सं म्हणाल्या होत्या, आज अवस हाय, अवसंला सोनं घेत नाय.

पुढच्या खेपेला गेली तेव्हा म्हैस व्यायलेली होती, आणि गोठ्यात विटाळ असताना सोन्याला हात लावायचा नाही असं निघालं. त्यानंतर एकदा वन्संचा हात दुखत होता. एकदा त्यांनी डबीच हरवली होती. पुतणीने प्रत्येक वेळी फूल नेलं आणि प्रत्येक वेळी म्हशीचा खरवस, तांदळाचं पीठ आणि फूल घेऊन ती परत आली.

शेवटी मीच कडावला गेले. वन्सं दारात तांदूळ निवडत होत्या.

"वन्सं, फूल आलं का?"

"येईल की," त्या खडा काढून टाकत म्हणाल्या. "पोरगी येते हाय ना? मंग."